व्यवसाय: साडी जॉबवर्क

भेस्तान, सुरत
२१ जुलै २०२५

चि. वर्षा,

तुझा निरोप मिळाला. जे सांगायचं ते कागदावर लिही, खाली सही कर, फोन करू नकोस. नंबर परका होता, पण असा हुकूम सोडणारं आपल्या घरात एकच माणूस आहे. सख्ख्या बहिणीला सही ठोकून पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. असू दे. अठरा वर्षं विम्याची एजंट आहे, अर्ध्या पांडेसऱ्याचे फॉर्म माझ्या अक्षरात आहेत, त्यात तुझी एक भर.

आधी तब्येतीचं सांग. कंपनीनं तुला पाठवलेल्या नकाराच्या पत्राची प्रत एजंट म्हणून मला आली, तेव्हा मला कळलं की एप्रिलमध्ये तू अकरा दिवस हॉस्पिटलात होतीस. मोठ्या आतड्याला व्रण, रक्त जातं, दोन बाटल्या रक्त चढवलं. वजन एकेचाळीस किलो. मी चष्मा पुसून तो आकडा परत वाचला. लहानपणी तुला उचलून नळावर न्यायची तर माझी कंबर मोडायची, आणि आता एकेचाळीस. भात, ताक, साबुदाणा असं काहीतरी खात जा. तिखट बंद कर. मीरा रोडला तुझ्याकडे कोणी स्वयंपाकाला येतं का, तेही मला माहीत नाही.

आता कंपनीचं. त्यांचं म्हणणं असं की फॉर्ममध्ये व्यवसाय 'साडी जॉबवर्क' लिहिलाय, आणि हॉस्पिटलात त्यांचा माणूस चौकशीला आला तेव्हा तू स्वतः त्याला सांगितलंस की मी ॲपवरच्या प्रौढांच्या फिल्ममध्ये काम करते. म्हणजे खरी माहिती लपवली, म्हणून क्लेम नामंजूर आणि पॉलिसीच रद्द. बाई, त्या माणसाला एवढं सविस्तर सांगायची काय गरज होती? सलाईन लावलेलं असताना कोणी इतकं खरं बोलतं का?

फॉर्मचं म्हणशील तर तो खूप हातांतून जातो. मी माहिती देते, शाखेत ऑपरेटर ती तपासतो, पुढे मुख्य ऑफिसात आणखी कोणी बघतं. कुठेतरी काहीतरी इकडचं तिकडे होतं. आपल्या भागात घरोघर साड्यांना टिकल्या लावतात, शंभरातल्या नव्वद फॉर्मवर 'साडी जॉबवर्क'च असतं, तेव्हा एखाद्यानं सवयीनं तेच टाकलं असेल.

तू विमा लोकपालाकडे तक्रार केली आहेस असं कळलं. एजंट म्हणून नाही, बहीण म्हणून सांगते, तो नाद सोड. तिथे सगळं मोठ्यानं वाचतात. तुझं काम, फिल्मची नावं, सगळं चारचौघांत निघेल. हा आजार जन्माचा आहे, दर दोन महिन्यांनी ते महागडं इंजेक्शन लागणार, आणि आता दुसरी कुठलीही कंपनी तुला दारात उभं करणार नाही, हे मला कळतं, तुला वाटतं त्याहून जास्त कळतं. म्हणूनच म्हणते, हॉस्पिटलच्या बिलातलं निम्मं मी देते. तुझ्या दाजींना सांगायचं नाही, माझं माझ्याजवळ आहे. पुढचं पुढे बघू.

आज मायचा फोटो पुसताना तुझी आठवण झाली. माय असती तर तुझ्या या दुखण्याला काय म्हणाली असती, सांगता येत नाही. तिनं तुझं नाव टाकलं होतं, ते मी तुझ्यापासून तेव्हाही लपवलं नव्हतं. पण आईच ती.

पत्राला उत्तर दे. निदान तब्येत कळव.

तुझी ताई,
जयश्री

०

भेस्तान
२ ऑगस्ट २०२५

वर्षा,

तू पत्र लिहिलं नाहीस. कंपनीकडून मिळवलेल्या फॉर्मची झेरॉक्स पाठवलीस, आणि ईमेलच्या रकान्याखाली लाल पेनानं एक रेघ. तिथे माझा ईमेल आहे. पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा मी दारातच उघडलं आणि दारातच बसले.

तर ऐक. ऑपरेटरनं काही केलं नाही. 'साडी जॉबवर्क' मी लिहिलं.

मे २०२२. तुझा दुपारी फोन आला होता. तू म्हणालीस, मुंबईत तीन एजंट झाले. एकानं काम ऐकून फोन ठेवला, एकानं ॲपचं नाव विचारलं, तिसरा म्हणाला गृहिणी लिहू, कोण बघतंय. तुझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीनं तसंच लिहिलं होतं आणि तिचा क्लेम गेला होता, म्हणून तू खोटं लिहायला तयार नव्हतीस. शूटिंग तीन दिवसांचं, हातात कागद नाही, पगारपत्रक नाही, आजारी पडलं तर निर्माता ओळखसुद्धा दाखवत नाही, म्हणून स्वतःच्या नावाची पॉलिसी हवी. सगळं नीट समजावून सांगितलंस. आणि मग म्हणालीस, "ताई, लिही जे आहे ते. लाज वाटायची तर मला वाटेल, तू कशाला घेतेस?"

मी 'बरं' म्हटलं. तुझ्याकडून ओटीपी मागितला, तू दिलास. फॉर्म न बघता दिलास, कारण फॉर्म बहीण भरत होती.

टॅबवर व्यवसायाचा रकाना उघडला की यादी येते. नोकरी, व्यापार, गृहिणी, विद्यार्थी, इतर. मी 'इतर' वर बोट ठेवलं. खाली लिहायला जागा आली. खरं सांगते, मी लिहायला सुरुवात केली होती. 'अभिनेत्री' लिहिलं. पुढे लिहायचं तर शाखेतला अमोल डोळ्यांसमोर आला. सगळे फॉर्म तो तपासतो. दोंडाईच्याचा आहे, त्याची मावशी आपल्याच सोसायटीत राहते. तुझी ती क्लिप दाजींच्या मिलमध्ये पॅकिंग खात्यात फिरली होती, त्याला तीन वर्षं झाली होती. लोक विसरले नव्हते, पण निदान बोलायचे थांबले होते. आता हे अमोलच्या तोंडून परत सुरू होणार, असं मनात आलं. मी खोडलं आणि रोजच्या सवयीनं ते दोन शब्द टाकले. ईमेल माझा दिला, म्हणजे पॉलिसीचे कागद तुझ्याकडे न जाता माझ्याकडे यावेत. तुला मी फक्त कार्डाचा फोटो पाठवला. तू खाली हात जोडलेलं चिन्ह टाकलंस.

मी मनाची समजूत काय घातली होती, तेही सांगते, म्हणजे तुला माझ्या हुशारीची कल्पना येईल. म्हटलं, साडीचं काम हिनं केलेलंच आहे. रिंग रोडच्या मार्केटच्या कॅटलॉगसाठी फोटोला उभी राहायचीस ना तू, एका दिवसात चाळीस साड्या नेसायच्या नि चाळीस सोडायच्या. खोक्याच्या झाकणावर तुझा फोटो बघून मी चार बायकांना दाखवला होता, ही आमची वर्षा. तिथूनच तो फोटोग्राफर तुला कामरेजच्या फार्महाऊसवर पहिल्या शूटिंगला घेऊन गेला. मग साडीचं काम म्हटलं तर खोटं कुठे आहे? असं मी स्वतःला तीन वर्षं सांगितलं. सांगताना पटायचंही.

अमोलनं तो फॉर्म बघितलाही नसेल. पुढच्याच महिन्यात तो नोकरी सोडून वापीला गेला. एका पोराच्या नजरेला घाबरून मी तुझा फॉर्म बिघडवला, आणि त्या पोराला आज माझं नावही आठवत नसेल.

तू कंपनीच्या माणसाला खरं सांगितलंस म्हणून मागच्या पत्रात मी तुला टोचून बोलले. तुला वाटत होतं फॉर्मवर तेच लिहिलंय. दोन्ही वेळा तू खरंच बोललीस. ते वाक्य मागे घेते. आता हे सगळं कागदावर आहे आणि खाली सही आहे. तुला हवं तिथे दाखव.

जयश्री

०

भेस्तान
२८ ऑगस्ट २०२५

वर्षा,

तुझं पोस्टकार्ड आलं. दोनच ओळी. 'मला कंपनीचा पडताळणीचा फोन कधीच आला नव्हता. त्यांच्याकडे माझ्या आवाजाचं रेकॉर्डिंग आहे म्हणतात.'

कार्ड उघडं असतं, दाजींनी आधी वाचलं. संध्याकाळी विचारलं की हे काय आहे. तुझे दाजी रामदास कसे आहेत ते तुला माहीत आहे, आवाज चढवत नाहीत, चहा पीत नाहीत फक्त. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'मी तिच्याशी संबंध तोडायला सांगितलं होतं, खोटेपणा करायला नव्हतं सांगितलं.' मग दोन दिवस चहा नाही.

तो फोन मी घेतला. फॉर्मवर दुसरा नंबर माझा दिला होता. तुझा शूटिंगला बंद असला की फोन माझ्यावर यावा आणि माझ्यावरच यावा, म्हणूनच दिला होता. पलीकडून मुलीनं हिंदीत विचारलं, वर्षाजी बोलताय का? मी म्हटलं, "हां जी, वर्षा बोल रही हूँ." जन्मतारीख सांगितली, ती कशी चुकेल, तुझ्या बारशाला पाळण्याची दोरी मी ओढली होती. काय काम करता? तर साडीला टिकली लावते, घरूनच. काही आजार? नाही. तीन-चार मिनिटांत झालं. आपला आवाज तर तुला ठाऊकच आहे, सख्ख्या बापालाही वेगळा कळायचा नाही. अण्णा मिलमधून फोन करायचे तेव्हा आधी विचारायचे, कोणती? जयू का वर्षी?

फोन ठेवला तेव्हा मला जरा गंमतच वाटली होती. हेही लिहून ठेवते, कारण आता त्या गमतीची मला किळस येते.

आणखी एक आहे. हे तुला कुठल्याच कागदावरून कळलं नसतं, म्हणून सांगण्याआधी मी चार दिवस घेतले. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीचं प्रशिक्षण होतं, अडाजणच्या एका हॉटेलात. शेवटी चिठ्ठीवर प्रश्न लिहून द्यायचे होते. मी नाव न घालता लिहिलं, एखादी बाई प्रौढांच्या फिल्ममध्ये काम करत असेल तर तिला आरोग्य विमा मिळतो का? मास्तरांनी चिठ्ठी वाचली. हॉलमध्ये हसणं झालं, मीही हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, आपल्या कंपनीत कामावरून कोणाला नाकारत नाहीत, फार तर आणखी दोन तपासण्या सांगतील, थोडा हप्ता वाढेल. आणि चुकून वेगळं लिहिलं गेलं असेल तर एक अर्ज करा, दुरुस्ती होते. मात्र क्लेम येण्याआधी करा.

एक अर्ज. मी घरी आले, टॅब उघडला, अर्ज लिहिलासुद्धा. पण पाठवला तर पडताळणीचा फोन परत येणार, या वेळी तुला येणार, आणि मग आधीच्या फोनचं काय सांगायचं? बंद केला. पुढच्या महिन्यात माय गेली आणि सगळं राहून गेलं. 'राहून गेलं' असं मी स्वतःशी म्हणते. खरं तर मी ते राहू दिलं. दीड वर्षं माझ्या हातात होतं, वर्षा. तुझं आतडं तोपर्यंत बरं होतं.

सोबत स्टॅम्प पेपर आहे, नोटरी केलेला. त्यात सगळं लिहिलंय. व्यवसाय मी बदलला, पडताळणीच्या फोनवर मी बोलले, तक्रारदार वर्षा हिला यातलं काहीही माहीत नव्हतं. नोटरीनं वाचून माझ्याकडे वर बघितलं आणि विचारलं, वकिलाला दाखवलंय ना? याचा परिणाम मला कळतो. एजन्सी जाईल. कंपनीनं मनात आणलं तर पोलिसांतही देतील.

आणि तुला मूळ गोष्ट सांगायची तर, पाकीट चिकटवतानासुद्धा माझ्या मनात आलं की तू हा कागद पुढे करणार नाहीस. बहिणीला कसं अडकवू म्हणून बाजूला ठेवशील, मग माझं लिहून झालंय आणि माझं काही जाणारही नाही. इतकी मी हिशेबी आहे. म्हणून सांगते, कागद पुढे कर. मला वाचवलंस तर मला ते बरं वाटेल, आणि तेच होता कामा नये.

आता माझ्याकडे तुझ्यापासून लपवलेलं काही उरलं नाही.

जयश्री

०

भेस्तान
३० ऑक्टोबर २०२५

वर्षा,

निकाल तुलाही आला असेल. पॉलिसी मूळ सुरुवातीच्या तारखेपासून परत चालू, क्लेम मंजूर, पुढची इंजेक्शनं पॉलिसीत. माझी एजन्सी गेली. कंपनीच्या माणसानं टॅब आणि ओळखपत्र घरी येऊन नेलं, मी त्याला पाणी दिलं. पोलिसांचं अजून काही नाही. दाजी म्हणाले, बघू येईल तेव्हा. आता ते चहा घेतात.

हे सांगायला पत्र लिहीत नाहीये. लोकपालांच्या ऑनलाइन सुनावणीच्या दिवशी रेकॉर्डिंग लागलं आणि तू कॅमेरा बंद केलास, मग मीटिंगमधूनच गेलीस. त्यानंतर काय झालं ते तुला माहीत नाही. निकालात आहे, पण तिथे ते सरकारी भाषेत आहे.

सुरुवात तू पाहिलीसच. सहा वर्षांनी तुझा चेहरा बघत होते, तोही मोबाईलवर काडेपेटीएवढा. केस बारीक केलेस. तुला लोकपाल बाईंनी व्यवसाय विचारला, तू एका दमात सांगितलास, आणि त्यांनी मान न उचलता लिहून घेतला. मी तीन वर्षं ज्याला घाबरले ते एवढंच होतं. मग कंपनीचा माणूस म्हणाला, या सख्ख्या बहिणी आहेत, क्लेम मिळावा म्हणून एजंट आता सगळं अंगावर घेतेय, स्टॅम्प पेपर संगनमतानं केलाय. मला हसावं की रडावं कळेना. जन्मात पहिल्यांदा खरं लिहून दिलं तर तेच खोटं ठरायला लागलं. तो म्हणाला, रेकॉर्डिंग ऐका, तक्रारदाराचाच आवाज आहे. आणि त्यानं लावलं.

माझा आवाज आला. जन्मतारीख, टिकली, आजार नाही. तू मान खाली घातली होतीस. बाईंनी विचारलं, हा तुमचा आवाज का? तू म्हणालीस, "नाही. मोठ्या बहिणीचा." मला तुझा राग आला. मीच सांगितलं होतं कागद पुढे कर, आणि तू केलास तर राग आला. तो क्षणभरच टिकला, कारण रेकॉर्डिंग अजून चालूच होतं, आणि पुढे काय आहे ते मला माहीत होतं.

मी विसरले नव्हते. मी फोनवर तळवा ठेवला होता, तेवढ्यावर विसंबून होते. वाटलं होतं काही उमटलं नसेल. सगळं उमटलंय.

"कोना फोन शे व जयू? वर्षाना शे का? माले दे. दोन शब्द बोलू दे तिनासंगे."

आणि मग मी, तळव्याआडून, "नही व माय. कंपनीना फोन शे." आणि परत गोड आवाजात, हां जी, बोलिए.

तू ऐकलंस तेवढंच. माय गेल्यावर पावणेदोन वर्षांनी तिचा आवाज, आणि तो असा, चार परक्या माणसांत. तुझा चौकोन काळा झाला. बाईंनी दोनदा तुझं नाव घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ही मागची बाई कोण, कुठली भाषा आहे, काय म्हणतेय, सांगा. तिथे अहिराणी कळणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. दूध उतू चाललंय म्हणतेय, असं म्हटलं असतं तरी त्यांनी लिहून घेतलं असतं. खोटं जिभेवर आलंही होतं, इतकी वर्षांची सवय.

मी हिंदीत सांगितलं, ही माझी आई, आता हयात नाही. मी फोनवर 'वर्षा' म्हटलं ते तिनं स्वयंपाकघरातून ऐकलं. तिला वाटलं वर्षाचा फोन आहे. ती म्हणतेय, मला दे, मला तिच्याशी बोलू दे.

बाईंनी विचारलं, "आपने फोन दिया?"

मी नाही म्हटलं. त्यांनी ते लिहिलं.

निकालाचं चौथं पान बघ. 'पार्श्वभूमीतील स्त्री, एजंटची व तक्रारदाराची मयत आई पुष्पाबाई, ही तक्रारदाराशी बोलण्यासाठी फोन मागते, यावरून तक्रारदार त्या वेळी फोनवर नव्हती हे सिद्ध होते.' माझ्या स्टॅम्प पेपरवर त्यांनी विश्वास ठेवलाच नाही, त्याबद्दल एक ओळ आहे फक्त. मायनं तुला मागितलं म्हणून तुझी पॉलिसी परत आली.

आणि मी तुला सांगत आले की तिनं तुझं नाव टाकलं. मागच्या पत्रात लिहिलं, आता लपवलेलं काही उरलं नाही. सही करून लिहिलं.

ती म्हणाली होती तसं. एकदा. २०१९ मध्ये, ज्या दिवशी दाजी ती क्लिप बघून घरी आले त्या दिवशी. म्हणाली, तिचं तोंड नको बघायला. चौथ्या दिवशी मला विचारत होती, ती जेवली असेल का गं. मी तुला पहिल्या दिवसाचं सांगितलं आणि चौथ्या दिवसाचं नाही. दाजींनी संबंध तोडायला सांगितलं होतं हे खरं, पण त्यांच्यावर मी हे ढकलणार नाही, मायला बोलू देऊ नकोस असं ते कधी म्हणाले नव्हते. हे माझं होतं. तिचं खाणंपिणं, औषधं, गुडघ्याला तेल, सगळं मी करायची, आणि ती ज्याच्या त्याच्याकडे तुझं विचारायची. मला ते सोसायचं नाही. तू काहीही करावंस आणि तरी तिनं तुझीच वाट बघावी. मी तुझ्यावर जळत होते, वर्षा. आवाज एक असून तिला दुसरीचाच हवा होता.

ती गेली तेव्हा तुला दहाव्याच्या आदल्या दिवशी कळवलं, तेही त्याचसाठी, तू वेळेत पोचू नयेस म्हणून. बायका घरात जमल्या होत्या. माय तुझ्यासाठी कशी झुरत होती, ते कोणीतरी तुला सांगितलं असतं.

तिला आकडे वाचता यायचे नाहीत, तुझा नंबर माझ्याच फोनमध्ये. तू महिन्याला एकदा तरी मला लावायचीस. मायचं विचारायचीस. मी म्हणायची, बरी आहे, पण तुझं नाव काढू देत नाही. तेव्हा ती पलीकडच्या खोलीत जागी असायची. तिनं विचारलं की मी म्हणायची, लावला होता वर्षाला, ती उचलत नाही.

माफी मागायला मी हे लिहिलेलं नाही. तू माग म्हणाली नाहीस आणि मला मागायचं तोंड नाही. तू कागदावर मागितलं होतंस म्हणून कागदावर देतेय, आणि आता खरोखर संपलं.

शेवटच्या आठवड्यात तिला फार बोलवत नव्हतं. मंगळवारी दुपारी तिनं परत विचारलं, लावला का वर्षाला? माझा फोन माझ्या मांडीवर होता. मी म्हटलं, लावला, उचलत नाही.

ती माझीच समजूत घातल्यासारखी म्हणाली, "कामम्हा व्हई ती."

जयश्री